सिमेंट कमी, राख जास्त: आपोआप बसणारं काँक्रीट

दाट सळ्यांच्या कॉलममध्ये वायब्रेटरची सुई जात नाही, तिथे सेल्फ कॉम्पॅक्टिंग, म्हणजे आपोआप वाहून बसणारं काँक्रीट हवंच. पण ते वाहण्यासाठी पावडर, म्हणजे सिमेंटसारखा बारीक माल, भरपूर लागते. ती सगळी सिमेंटची घातली तर खर्च, उष्णता आणि भेगा तिन्ही वाढतात. म्हणून काही सिमेंटऐवजी राख किंवा स्लॅग घाला. बेळगाव, निपाणीकडच्या कामांना कुडगी, रायचूरच्या वीजकेंद्रांची फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) आणि तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याचा स्लॅग (भट्टीतली मळी, दळलेली) दोन्ही राज्यातलेच.

एका घनमीटरची सुरुवातीची ट्रायल अशी घ्या: ५३ ग्रेड सिमेंट ३६० किलो, फ्लाय अ‍ॅश १६०, पाणी १८०, वाळू ९००, १२ मिमीखालची खडी ७६०, पीसीई अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीट वाहतं करणारं रसायन) पावडरच्या, म्हणजे सिमेंट अधिक राखेच्या, ०.८ टक्क्यापासून.

चाचणीचा शंकू काँक्रीटने भरून उचलल्यावर पसारा ६६० ते ७५० मिमी हवा, आणि त्याची कड नीट बघाच. कडेला पाण्याची चकाकती रिंग सुटली, मध्ये खडीचा ढीग राहिला, तर मिश्रण फुटलंय, म्हणजे पाणी आणि खडी वेगळी झालीय. पाणी किंवा अ‍ॅडमिक्श्चर कमी करा. उलट पसारा अचानक घटला तर राखेतला न जळलेला कार्बन अ‍ॅडमिक्श्चर शोषतोय का, हे बघा. राखेची प्रत्येक गाडी तपासून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळूची ओल रोज मोजून तेवढं पाणी वजा करावंच लागतं.

राखेमुळे सुरुवातीची ताकद हळू येते, थंडीत तर आणखी हळू. म्हणून शटरिंग तारखेवर नव्हे, क्यूबच्या (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) निकालावर काढा. पाणी किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस मारा. हे काँक्रीट वाहतं, त्यामुळे शटरिंगच्या फळ्यांवर दाबही जास्त येतो, सांधे घट्ट हवेत.