कडी बाहेरून

आमच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं. सुगी आटोपलेली, भात कणगीत गेलेलं, खळी मोकळी. रात्रीच्या थंडीत घोंगडी, वाकळा घेऊन अख्खा गाव शाळेच्या पटांगणात येऊन बसायचा. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या अलीकडचं. मराठी शाळा, पण बाजार कानडी-मराठी दोन्हीचा, आणि एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयाबाया. आधी बक्षीस समारंभ, मग पाहुण्यांचं भाषण, मग नाच, आणि सगळ्यांत शेवटी नाटक. मधल्या वेळेत वर्तमानपत्राच्या पुडीतले चुरमुरे. ते चुरमुरे आणि रंगवलेल्या पडद्यांचा डिंकासारखा वास अजून कुठंही एकत्र आला की मी नववीत जाते.

कारण सगळी गॅदरिंगं एकीकडं आणि जानेवारी १९८८ चं एकीकडं.

त्याआधी दरवर्षी कित्तूरच्या राणी चन्नम्माचा प्रवेश ठरलेलाच असायचा. आमच्या भागात तो असणारच. चन्नम्मा काकतीची, बेळगावच्या वेशीवरची लेक. तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला १८३१ साली फाशी दिलं ते आमच्या नंदगडला. शाळेची पहिली सहल तिथल्या रायण्णाच्या वडाकडंच निघायची. मूल व्हावं म्हणून नवस बोललेल्यांनी तिथं लाकडी पाळणे बांधलेले असत आणि आम्ही ते मोजत बसायचो. तर गॅदरिंगमध्ये चन्नम्मा घोड्यावरून यायची. घोडा म्हणजे बांबूचं तोंड आणि घोंगड्याखाली वाकलेली दोन पोरं. धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणून एकाला पावडर फासून टोपी घालायची. २३ ऑक्टोबर १८२४ ला तो कित्तूरच्या वेशीत पडला, तसा आमच्या स्टेजवरही धाडकन पडायचा, आणि टाळ्या-शिट्ट्यांत पडदा.

त्या वर्षी तालमीच्या पहिल्या दिवशी मराठीच्या बाईंनी विचारलं, "पुढं काय झालं?"

आम्ही म्हटलं, "इंग्रज परत आले. डिसेंबरात कित्तूर पडलं. राणी धरली गेली."

"मग?"

"मग बैलहोंगलच्या किल्ल्यात वारली."

"कधी?"

कुणालाच सांगता येईना. बाईंनी फळ्यावर लिहिलं : डिसेंबर १८२४, आणि थोडी जागा सोडून फेब्रुवारी १८२९. मधल्या जागेवर खडू टेकवून त्या म्हणाल्या, "एवढे दिवस ती बाई करत काय होती, ते करूया यंदा."

सेहेचाळिसाव्या वर्षी आत गेलेली राणी, चार पावसाळे चार भिंतींत काढून पन्नाशीत गेलेली. तिच्यासोबत सुनाही कैदेत होत्या. पूजाअर्चा आणि पोथ्या वाचण्यात तिनं दिवस काढले, असं सांगतात. याहून जास्त आम्हाला काही मिळालं नाही. बाईंना तेवढंच पुरेसं वाटलं. घोडा नाही म्हटल्यावर घोड्याची दोन्ही पोरं रुसून तालमीलाच येईनात. मग बाईंनी त्यांना पहारेकरी केलं.

त्या काळात आमच्याकडं तुरुंग हा शब्द परका नव्हता. जून १९८६ चं कानडी सक्तीविरुद्धचं आंदोलन होऊन दीड वर्षच झालं होतं. बेळगावजवळचा हिंडलग्याचा तुरुंग घरोघरी बोलण्यात होता, कुणाचा काका, कुणाचा थोरला भाऊ आत जाऊन आलेला. पण आत जाऊन आलेल्या बाईला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या गल्लीतल्या अक्का १९५८ च्या सीमा सत्याग्रहात पंधरा दिवस आत होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापुढं कुणाला काही माहीत नव्हतं. बाई आम्हा चौघींना घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

अक्का तांदूळ निवडत होत्या. सुपातून डोळे न काढता त्यांनी सांगितलं, "जेवणाचं काय एवढं नाही गं. पोटाला घालत होते. पण आयुष्यभर रोज राती मी उठून दाराची कडी लावलेली. तिथं दार होतं, कडी बाहेरून. सांजेला ती लागल्याचा आवाज यायचा आणि माझा हात आपोआप उठायचा. पंधरा दिवस उठायचा."

बाईंनी परत येताना एक अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सुताराकडून त्यांनी एक दार करून आणलं. खरंखुरं, लाकडी, चौकटीसह. ते त्यांनी स्टेजच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांच्या अगदी समोर उभं केलं. कडी प्रेक्षकांच्या बाजूला. राणी पलीकडं. म्हणजे नाटक चालू असेपर्यंत कडी फक्त गावाला दिसणार, आतल्यांना नाही. मी पुढं पुण्या-मुंबईला पुष्कळ नाटकं पाहिली, पण इतकं कमी सामान घेऊन इतकं सांगणारं नेपथ्य मला पुन्हा भेटलं नाही. हे मी आमच्या बाई म्हणून म्हणत नाही.

दुसरी कल्पना वाकळेची. राणी आणि सून आत बसून वाकळ शिवतात, एकेका पावसाळ्याचा एकेक प्रवेश आणि प्रत्येक प्रवेशात वाकळ वाढत जाते. राणीनं खरंच वाकळ शिवली याला आधार नाही, हे बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. "पण बायका कोंडल्या की हात काहीतरी धरतात," असं त्या म्हणाल्या. वाकळेसाठी गावातल्या प्रत्येक घरातून जुन्या लुगड्याचा एक तुकडा मागायचा. मी आणि माझी मैत्रीण, म्हणजे सून आणि राणी, दारोदार फिरलो. इरकलीचे काठ आले, शहापुरी लुगड्याचे पदर आले, एका घरातून बाळंतिणीच्या चिंध्या आल्या. अक्कांनी हिरवा तुकडा दिला. सत्याग्रहाला जाताना नेसलेलं लुगडं त्यांनी ट्रंकेत ठेवलं होतं, त्याचाच. हळ्याळच्या बाजूच्या जंगलातून शेणीला-लाकडाला येणारी एक सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या जमातीतली, बाई होती. तिनं वाकळ पाहिली आणि म्हणाली, कोपरे असे का सोडले? सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे वाकळेच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून तिकोनी फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. तिनं बसून आम्हाला ते फूल शिकवलं. बाईंनी तिथल्या तिथं नाटक बदललं : प्रत्येक पावसाळ्याला एक कोपरा, एक फूल.

विरोध झाला नाही असं नाही. सीमेचं एवढं रान पेटलेलं असताना मराठी शाळेत कानडी राणीसाठी रडायचं का, असं कुणीतरी बैठकीत विचारलं. बाई काही बोलायच्या आधी अक्काच उठल्या. शाळेच्या बैठकीत त्या कधी येत नसत. म्हणाल्या, "मला पहिल्या राती थंडी भरली. शेजारच्या बाईनं आपलं पांघरूण माझ्यावर घातलं. खुनातली कैदी होती. कानडी होती. मला तिचं नावबी कळलं नाही." आणि खाली बसल्या. विषय तिथंच संपला.

गॅदरिंगच्या रात्री आमच्या प्रवेशाला लाइट गेले. गॅसबत्त्या आणल्या, आणि दाराची सावली मागच्या पडद्यावर एवढी मोठी पडली की आम्हीच दचकलो. सुरुवातीला मागून पोरं ओरडत होती, "लढाई कवा?" दुसऱ्या पावसाळ्यात सासू-सून ओवी म्हणतात तिथं ओरडणं थांबलं. ती ओवी बाईंनीच रचलेली :

भिंतीच्या पल्याड, वाजे बैलाचं घुंगूर
जाणाऱ्याला पुसते बाई, किती लांब गं कित्तूर

कित्तूर तिथून बैलगाडीनं एका दिवसाची वाट. आमच्या समोर बसलेल्या प्रत्येकीचं माहेर साधारण तेवढ्याच अंतरावर होतं. माझ्या आईनं पदर तोंडाला लावलेला मला स्टेजवरून दिसला. शेवटच्या प्रवेशात राणी जाते, सून चौथं फूल टाचून वाकळ तिच्या अंगावर घालते आणि दाराशी येऊन उभी राहते. सून मी होते. मला हात उचलून कडी शोधायची होती, आणि ती माझ्या बाजूला नव्हती. बस, पडदा. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. पडदा पाडून आम्ही आत उभ्या, वाटलं नाटक पडलं. मग पुढच्या रांगेतून अक्का उठल्या, स्टेजजवळ आल्या आणि त्यांनी ती कडी काढली. एवढा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

त्या दिवसांत बाईंनी सांगितलेल्या गोष्टी पुढं मी शोधून वाचल्या. कन्नड रंगभूमीवरच्या स्नेहलता रेड्डी आणीबाणीत आठेक महिने बंगळूरच्या तुरुंगात होत्या. दम्यानं जीव घाबरा होत असतानाही त्यांनी तिथं दैनंदिनी लिहिली. पॅरोलवर सुटल्या आणि काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये गेल्या. त्याच काळात प्रमिला दंडवते येरवड्यात आणि मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, नवराबायकोचा सगळा संसार पत्रांतून.

आणि वाकळ? ती तर मला जगभर भेटत गेली. १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर तिथल्या चांगी तुरुंगात शेकडो बायका-मुलांना कोंडलं होतं. नवरे दुसरीकडं, जिवंत आहेत की नाही ते कळायला मार्ग नाही. एथेल मल्व्हेनी या कॅनडाच्या बाईनं युक्ती काढली : रुग्णालयातल्या जखमींसाठी गोधड्या शिवून देतो म्हणायचं. प्रत्येकीला एक चौकोन, त्यावर तिनं आपलं काहीतरी भरायचं आणि खाली नाव. एक गोधडी ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी, आणि पहारेकऱ्यांनी अडवू नये म्हणून एक जपानी जखमींसाठी. एकेका गोधडीत ६६ चौकोन. नवऱ्यानं चौकोन पाहिला, की बायको जिवंत आहे हे त्याला कळायचं. कुणी घर भरलंय, कुणी फुलं, कुणी तुरुंगाची भिंत. त्यांतल्या दोन आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत. त्याआधी तीस वर्षं, १९१२ मध्ये, मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात एका रुमालावर आपापल्या सह्या दोऱ्यानं भरल्या होत्या. त्या सह्याही ६६ च. योगायोगच हा, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. यातल्या कुणी स्वतःला कलावंत म्हणवून घेतलं नव्हतं. हाताशी सुई होती आणि सांगायचं होतं, एवढंच.

आज आपल्या देशात शंभर कैद्यांत बायका चारच्या आसपास. संख्या लहान, म्हणून त्या कुणाच्या ध्यानात नाहीत. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये नियम घालून दिले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढं एक पोर येतं, ज्यानं कडी आतून लावलेली कधी पाहिलेलीच नाही. यावर कुणीतरी नाटक करावं, असं मला फार वाटतं. मोठ्या नाट्यगृहात नको, शाळेच्या पटांगणातच.

परवाच्या जानेवारीत माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. बाई आता नाहीत, अक्का तर कधीच गेल्या. दार कुठं गेलं कुणाला ठाऊक नाही. पण हेडमास्तरांनी कपाटातून वाकळ काढून दिली. कसर लागलेली, एका बाजूचे टाके उसवलेले, हिरवा तुकडा अर्धा लोंबत होता आणि चौथं फूल गळून गेलेलं. राणी झालेली मैत्रीण सौंदत्तीहून आली होती. आम्ही दोघी स्टेजच्या मागं सतरंजीवर बसलो. तिनं पर्समधून सुई-दोरा काढला, मी माझ्या ओढणीचं टोक कातरून फुलासाठी घडी घातली. गॅसबत्ती नव्हती, ट्यूबलाइट होती, तरी आम्हाला सुईचं नाक दिसेना. स्टेजवर नाच चालू होता. पुढच्या प्रवेशाची चन्नम्मा, पाचवी-सहावीतली, कमरेला पत्र्याची तलवार लावून आमच्या शेजारी तिची पाळी येण्याची वाट बघत उभी होती.

"आज्जी, काय करताय?"

"फूल लावतोय गं कोपऱ्याला."

तिनं तलवार काढून खाली ठेवली, आमच्यात येऊन बसली आणि दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून एका दमात सुईत ओवलं.