आमची वाटचाल: उद्यमनगरातलं मेटल डिटेक्टरचं दुकान

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, आम्ही भरून द्यायचो. डिटेक्टरचा धंदा त्याच टेबलावर सुरू झाला. डिटेक्टरचा जीव कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात असतो आणि तारेवर आमचा हात बसलेला होता. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे डांबराखाली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधणारे प्लंबर. बीचवर आणि बागेत हिंडणारे हौशी लोक नंतर आले. मशीन गॅरेट किंवा मिनलॅबचं, बाहेर देशातून आलेलं. दुरुस्ती आणि जादा कॉइल मात्र आमची.

कॉइलबद्दल थोडं सांगतोच. डीडी कॉइलमध्ये इंग्रजी ‘डी’च्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, मधे थोडी एकमेकांवर चढवून बसवतात. एक सिग्नल पाठवतं, दुसरं ऐकतं. ती चढण इतकी नेमकी लागते की पाठवणाऱ्याचं ऐकणाऱ्याकडं जवळजवळ काहीच पोचू नये. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सिग्नलची रेघ सपाट झाली की इपॉक्सी, म्हणजे सुकून घट्ट होणारा डिंक, ओतायचं. पण इपॉक्सी सुकताना तापतं आणि आकसतं. वेटोळं केसभर सरकलं की कॉइल भंगारात. म्हणून मी दोन हप्त्यांत ओततो. आधी वेटोळी धरून ठेवण्यापुरता थर, तारेचा एक छोटा वळसा मोकळा ठेवून. दुसऱ्या दिवशी तो वळसा बांबूच्या काडीनं ढकलत रेघ पुन्हा सपाट करायची, मगच उरलेलं ओतायचं.

हे काम मी एका पोराला शिकवलं. घरच्यासारखा होता, आमच्यातच जेवायचा. एक दिवस काम सोडलं आणि पलीकडच्याच गल्लीत बोर्ड लावला: ‘तीस फूट खोल, सोनं वेगळं दाखवणार.’ त्याच्या मशीनला कॉइलच नव्हतं. एक मूठ आणि पुढं डोलणारी स्टीलची अँटेना. जो माणूस माझ्या टेबलावर ती रेघ सपाट करायला शिकला, त्याला हे पक्कं ठाऊक होतं की एवढ्याशा नाण्यासाठी चांगलं व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं, नेहमीचं) मशीनसुद्धा वीतभर, फार तर फूटभर खोल जातं. तरी विकलं.

लोक माझ्या काउंटरवर येऊन मलाच सुनवायचे. ‘तुमचं फूटभर बघतंय, त्याचं तीस फूट बघतंय की!’ काय बोलणार? मी मशीन चालू करून वाळूत अंगठी पुरून दाखवायचो, ते तोवर पलीकडच्या गल्लीत पोचलेले असायचे. बाहेरून मागवलेला माल पेटीतच राहिला, बँकेचा हप्ता थकला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. वडिलांचं वायंडिंग मशीन विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं.

मग फसलेले लोक यायला लागले, तेही माझ्याकडं. एकानं ते अँटेनावालं मशीन आणलं, मी त्याच्यासमोरच स्क्रू काढले. आत नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लुकलुकणारे दिवे, आणि अँटेनाची तार कशालाच जोडलेली नाही. त्यानं उसाच्या बिलाचे पैसे घातले होते. पोरगा एव्हाना गाव सोडून गेला होता आणि बदनामी आमच्या नावावर राहिली. अजूनही लग्नकार्यात कोणी ओळख करून देताना ‘हे गुप्तधनवाले’ म्हणतं. वर्षानुवर्षं राबून केलेल्या कामाला हे नाव लागलं, याचा राग मला आजही आहे आणि तो जाणार नाही.

त्या दिवसांत सोडून गेले नाहीत ते हुपरीचे एक निवृत्त पीटी मास्तर. गरज नव्हती तरी त्यांनी दोन कॉइलची ऑर्डर दिली, पैसे आधी दिले. ते दर हिवाळ्यात कोकणात उतरतात, लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतात आणि चहासुद्धा घेत नाहीत. गणपतीपुळ्याला एका बाईचं मंगळसूत्र वाळूत पडलं होतं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. बारीक सोन्याची साखळी डिटेक्टरला जवळजवळ दिसतच नाही. त्याला ती सलग धातू वाटत नाही, सुट्या सुट्या कड्या वाटतात. काळे मणी तर काचेचे. मास्तरांनी ओळखलं की आवाज देणार त्या दोन वाट्या. सेन्सिटिव्हिटी दोन घरं कमी केली, कॉइल वाळूला घासेल इतकं खाली धरलं आणि अर्धा पट्टा अर्ध्या पट्ट्यावर चढवत सावकाश गेले. एक बारीक, तुटक आवाज आला. स्कूप हलवला, वाळू गळून गेली आणि जाळीत वाट्या राहिल्या. त्या बाईचे नातेवाईक नंतर कोल्हापूरला येऊन मशीन घेऊन गेले, त्यांच्या ओळखीचेही आले. वायंडिंग मशीन विकायचं राहिलं.

त्यानंतरच्या वर्षांचं विशेष सांगण्यासारखं नाही, दुकान चालू आहे.

आता विषय निघालाच आहे तर नवीन घेणाऱ्यांना सांगतो. खोली विचारू नका, कुठं वापरणार ते सांगा. बागेसाठी एका फ्रिक्वेन्सीचं, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज दाबायची सोय) असलेलं मशीन पुरतं, आणि कॉइल लहान घ्या. रंकाळ्याकाठी बुचं आणि गोळ्यांच्या पाकिटांची चांदी इतकी असते की मोठं कॉइल दहा गोष्टी एकदम ऐकतं. मशीन प्रत्येक वस्तूला एक आकडा दाखवतं, पण पाकिटाची चांदी नको म्हणून तिचा आकडा मशीनमधून बंद करू नका. पातळ सोन्याची अंगठी त्याच आकड्यावर बोलते. परदेशी व्हिडिओतले नाण्यांचे आकडे पाठ करून येतात, त्यांनाही सांगतो: १९९२ पासूनचा आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा, लोहचुंबकाला चिकटणारा. लोखंडाचे आकडे बंद केलेत की रुपयाही जाऊ शकतो.

ओल्या वाळूत मिठाचं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन नुसतं ओरडत राहतं. तिथं मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारंच हवं. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूत लोहखनिज असतं, तिथं पल्स इंडक्शन (थांबून थांबून विजेचे झटके सोडणारं) मशीन चांगलं. फक्त ते लोखंड आणि सोनं वेगळं सांगत नाही, सगळं खणावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा, तेव्हा पाणी सर्वांत मागं हटतं. बागेत माळ्याला विचारा, गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून उलटा आणि परत दाबून बसवा.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या प्राचीन टेकडीवर किंवा पन्हाळ्यावर जायचं म्हणून मशीन मागणाऱ्याला मी विकत नाही. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीवर पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केलं होतं. तिथं सापडलेली पोसायडनची (ग्रीकांच्या समुद्रदेवाची) रोमन कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे मी बिल करायच्या आधी सांगतो. काही जण उठून जातात, जाऊ देत.

दुकानात दोन घमेली कायम भरून ठेवलेली असतात: एकात खाऱ्या पाण्यानं भिजवलेली वाळू, दुसऱ्यात मांडवीची काळी. येताना स्वतःची अंगठी घेऊन या, ती दोन्हींत पुरा, हवी तेवढी मशीनं फिरवून बघा आणि मगच भाव विचारा.