शंका विचारली की घेतली?

ऑनलाइन मीटिंग चालू होती. परदेशातला एक सहकारी तक्ता दाखवत होता. त्यातल्या एका रकान्यात नेमकं काय मोजलंय ते मला कळेना, म्हणून मी म्हणाले, "आय हॅव अ डाउट अबाउट धिस टेबल." तो गप्पच झाला. मग जरा ताठरपणे त्यानं विचारलं, यातला कुठला आकडा तुम्हाला चुकीचा वाटतो? मला एकही चुकीचा वाटत नव्हता हो!

गोची कुठे झाली ते रात्री अंथरुणात उमगलं. मराठीत आपण शंका विचारतो आणि शंका घेतोही. नाम तेच, क्रियापद बदललं की पारडं फिरतं. मी बिचारी शंका विचारत होते, त्यानं ऐकलं की मी शंका घेतली. विचारायच्या शंकेला इंग्रजीत साधं 'क्वेश्चन' पुरतं.

तेव्हापासून वहीत सुटा शब्द लिहिणं मी बंद केलं. शब्द लिहायचा तो जोडीदारासकट. पाऊस 'हेवी', वारा मात्र 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करायची, गृहपाठ 'डू' करायचा, फोटो 'टेक' करायचा. का, ते विचारू नये. आपल्याकडे तरी वारा सुटतो, ताप येतो, झोप लागते आणि मार खावा लागतो, त्याला कुठे कारण आहे? शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहून ठेवलंय. मला मात्र त्यासाठी एका माणसाला दुखवावं लागलं.

भारदस्त शब्दांची खोड मोडायला त्याहून वेळ लागला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी पिढ्या दरबारात फ्रेंच चालली. म्हणून इंग्रजीत एकेका गोष्टीला दोन-दोन शब्द: 'बिगिन', 'बाय', 'आस्क' हे घरचे, 'कमेन्स', 'परचेस', 'इन्क्वायर' हे दरबारी. मी अर्ज आणि पत्रं वाचून इंग्रजी शिकले, तेव्हा माझ्या वाट्याला नेमके दरबारीच आले. मैत्रिणीला 'आय परचेस्ड अ बुक' सांगणं म्हणजे 'मी ग्रंथ क्रय केला' म्हणण्यासारखं. व्याकरण शुद्ध, पण ऐकणारी हसणारच. 'पोस्टपोन'ही चूक नाही. गप्पांत मात्र 'पुट ऑफ' सहज येतं.

आणि तो छळवादी 'हॅव'! 'मी ते मागच्या वर्षीच वाचलंय' हे बिनचूक मराठी. इंग्रजीत 'लास्ट इयर' आलं की 'हॅव'नं निघायचं: 'आय रेड इट लास्ट इयर'. 'हॅव' ठेवायचाच असेल तर कधी वाचलं ते सांगायचं नाही. माझी अजूनही चूक होते, विशेषतः घाईत.

परवा त्याच सहकाऱ्याचा मेल आला: 'आय डाउट इट विल बी रेडी बाय फ्रायडे.' आमच्या टीममधला नवा मुलगा खूश. शंका आहे म्हणजे शुक्रवारपर्यंत होईल असा त्याला संशय येतोय, असं त्यानं लावलं. 'मला शंका आहे, तो खोटं बोलतोय' असं आपण म्हणतो ना, तसं. मी म्हटलं, अरे, उलटं. होणार नाही असं वाटतंय त्याला. सोमवार धर.