तुम्ही विचारलंत म्हणून: एक्सरेचं रेडिएशन बाधतं का?

परवा एका पैलवान पोराचा खांदा निखळला, तिसरा एक्सरे, आणि त्याची आई माझा हात धरून म्हणाली, "ताई, एवढं रेडिएशन पोराला बाधायचं तर न्हाई न्हवं?" कोल्हापुरात राजारामपुरीत एक्सरे काढायचं काम करते मी, हा प्रश्न रोजचाच. घाईत "नाही ओ मावशी" म्हणाले, पण तेवढ्यानं तिची काळजी गेली नाही, म्हणून नीट सांगते.

जमिनीतून, हवेतून, आकाशातून जगात सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन घरबसल्या मिळतंच. खांद्याचे तीन एक्सरे म्हणजे त्यातलं फारतर आठवड्याभराचं. पोटाचा सीटी स्कॅन मात्र 8-10 मिलिसिव्हर्ट, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उगाच करू नका. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे रेडिएशन नसतंच.

100 मिलिसिव्हर्टच्या खाली लगेच काही दिसत नाही, पुढं कॅन्सरची शक्यता किंचित वाढते असं धरून आम्ही जपतो. पण 1000 एकदम अंगावर आलं तर मळमळ, उलट्या सुरू होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि 4000-5000 ला उपचार नसले तर निम्मी माणसं महिना-दोन महिन्यांत दगावतात, कारण बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, रक्त बनवायचं थांबवतो. ज्या पेशी भराभर वाढतात, बोन मॅरो, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, त्यांनाच पहिला फटका. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात 1986 साली 134 जणांना असा आजार झाला, त्यातले 28 काही महिन्यांतच गेले.

मला खरी भीती वाटते ती भंगाराची. 2010 ला दिल्लीच्या मायापुरीत लिलावातून आलेलं जुनं कोबाल्ट-60 चं (रेडिएशन सोडणाऱ्या धातूचं) यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं, एकानं तर त्यातला तुकडा पाकिटात ठेवला, कातडी भाजली, बाकीचेही आजारी पडले आणि एक माणूस गेला. आपल्याकडं फाउंड्र्यांना, धातू वितळवून ओतायच्या कारखान्यांना, भंगार लागतंच. माझा भाऊ शिरोलीत आहे, त्याला मी मोबाईलवर ती पिवळी खूण पाठवून ठेवलीय, मधे ठिपका आणि भोवती तीन पाती. तशी खूण असलेली जड पेटी दिसली तर कटर लावायचा नाही, हात लावायचा नाही, सगळ्यांना लांब न्यायचं आणि पोलिसांना फोन करायचा.