तांडी ते लेह: जादा पेट्रोल न्यायचं तर

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपापाशी ती प्रसिद्ध पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पाटी वाचली की कॅन भरायची घाई होते. त्याआधी गणित करा. मारुती जिम्नी गाडीची टाकी ४० लिटरची. घाटात ११चं अ‍ॅव्हरेज धरलं तर लेहपर्यंत ३३ लिटर पुरतात, म्हणजे सरळ जाणाऱ्याला कॅन लागतच नाही. वाटेत दीडशे किलोमीटरचा आडफाटा घेणार असाल तर ४७ लिटर लागतील, वर २० टक्के राखीव धरून ५६. तूट १६ लिटरची. तेवढ्यासाठीच कॅन.

१९३४च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय पेट्रोल जवळ ठेवायची साधी सवलत ३० लिटरपर्यंत आहे. भांडं धातूचं, घट्ट झाकणाचं आणि २५ लिटरपर्यंतचं हवं. गोडेतेलाचे प्लास्टिक कॅन आणि पाण्याच्या बाटल्या इथेच बाद होतात.

२० लिटरचा एक कॅन घेण्यापेक्षा १० लिटरचे दोन स्टीलचे जेरीकॅन घ्या. भरलेला मोठा कॅन १८-१९ किलोचा होतो, आणि साडेचार हजार मीटरवर तो टपावरून उतरवताना दम लागतो. हात थरथरला की सांडलंच. निघण्याच्या आदल्या आठवड्यात कॅनमध्ये पाणी भरून रात्रभर उलटे ठेवा. वायसर गळत असेल तर थेंब दिसतील. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा, पाणी टाकीत जाता कामा नये.

भरताना कॅन जमिनीवरच हवा. गाडीतल्या कार्पेटवर किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून भरला तर त्यावर साठलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा, धार मंद ठेवा आणि साडेनऊ लिटरला थांबा. सकाळी १० अंशांना भरलेलं पेट्रोल दुपारच्या उन्हात ४५ला गेलं तर दहा लिटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर फुगतं. त्याला जागा लागते.

उंचीचा त्रास वेगळाच, आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तांगलांग ला ही खिंड (‘ला’ म्हणजेच खिंड) ५,३२८ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे ५३ किलोपास्कलच्या आसपास. ३८ अंशांना पेट्रोलच्या वाफेचा दाब ६०च्या घरात, म्हणजे बाहेरच्या हवेच्याही वर जातो. म्हणजे उन्हात तापलेल्या कॅनचं झाकण तिथे एकदम उघडलंत तर पेट्रोल उकळून तोंडावर उडू शकतं. कॅन फुगलेला दिसला तर आधी सावलीत गार होऊ द्या, मग झाकणावर फडकं धरून ते किंचितच सैल करा आणि फुसफुस थांबेपर्यंत हात तिथेच ठेवा.

म्हणून आमचं ठाम मत: जादा पेट्रोलची सगळ्यात सुरक्षित जागा गाडीची स्वतःची टाकीच. टाकीत जागा झाली की कॅन रिता करायचा, शेवटपर्यंत जपायचा नाही. वाटेतल्या सरचूच्या थांब्याला पोचेपर्यंत साधारण १० लिटर जागा होते, तिथे पहिला ओता. पांग या पुढच्या थांब्यावर दुसऱ्यातलं मावेल तेवढं. तांगलांग ला चढताना टपावर भरलेला कॅन नसावा.

कॅन केबिनमध्ये कधीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती पायाशी साचते, आणि हवेत दीड टक्का झाली तरी पेटते. मागच्या दारावर लावला तर मागून धडक बसताच पहिला तोच चेपतो. टपावर, कॅरियरच्या मधोमध, उभा, रॅचेट पट्ट्याने (दातेरी कळीने ताणायच्या पट्ट्याने) आवळून ठेवा. बंजी दोरी चालणार नाही. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर धातूवर धातू घासून दोन दिवसांत पत्र्याला भोक पडतं. पहिल्या २० किलोमीटरनंतर आणि गाटा लूप्सची २१ वळणं संपल्यावर पट्टा पुन्हा ताणा. टपाची वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा, कॅरियरचं वजनही त्यातच धरायचं.

ओतताना इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, सायलेन्सर निवू द्या. टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. जॅकेट मध्येच काढू नका. जाळीचं नरसाळं वापरा. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका, फुफ्फुसात गेलेला एक घोटही जिवावर बेततो. २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या.

रिता झालेला कॅनही टपावरच, झाकण घट्ट लावून. आत उरलेली वाफ भरल्या कॅनइतकीच पेटती असते.