काकीने काढायला लावलेलं पान

मे महिन्यात पूर्णगडला घरी गेलेले. सुकती, म्हणजे ओहोटी लागली की काकी कोयती घेऊन खाडीत उतरते आणि मी मागोमाग, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून, एमएच्या प्रोजेक्टसाठी. कालवं कशी काढायची ते ती बोलून सांगत नाही, हातानेच दाखवते, कोयतीचं टोक सांध्यात घालायचं, मनगटाला एक हिसका, की झाकण उडालंच. मध्येच म्हणाली, "मागं पन आलंवतं कोनतरी, समदां लिवून न्हेलानी, पन आमाला काय वाचून दाखवलानी नाय."

तेव्हापासून आयलीन मोर्टन-रॉबिन्सन डोक्यातून जात नाहीयेत. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल प्रोफेसर, गोएनपुल समाजाच्या, ब्रिस्बेनसमोरच्या मिंजेरिबा बेटावरच्या (नकाशात नॉर्थ स्ट्रॅडब्रोक लिहितात). तिथेही लोक पुळणीतून शिंपल्या काढून खातात, त्यांना युगारी म्हणतात, हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या खाडीतले मुळेच आठवले, तेही शिंपलेच.

बाईंनी काय केलं, तर प्रश्न विचारणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. २००० साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, त्यात अभ्यासाचा विषय अ‍ॅबोरिजिनल बायका नाहीत, गोऱ्या स्त्रीवादी बायका आहेत, म्हणजे इतकी वर्षं आमच्याबद्दल लिहिताना तुम्ही स्वतःचं गोरेपण कधी मोजलंत का. मी ते वाचताना हॉस्टेलच्या कॉटवर ताठ उठून बसले होते. २०१६ मध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या मूलनिवासी डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर झाल्या, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी चालवलेलं नेटवर्क, देशभरातल्या विद्यापीठांमधल्या मूलनिवासी संशोधकांना जोडणारं, पीएचडी करणाऱ्या पोरांना हात देणारं. एकटं वर जाणं वेगळं आणि मागच्यांसाठी शिडी धरून उभं राहणं वेगळं.

आमची आणि त्यांची गोष्ट एक नाही हे मला कळतं. त्यांची अख्खी जमीनच कोणाची नाही असं म्हणून घेतली गेली, त्यांच्या बेटावरचा हक्क कोर्टाने मान्य करायला २०११ उजाडलं, आणि तिथलं वाळूचं मायनिंग २०१९ ला थांबलं. पण माहिती कोणाची आणि तिच्यावर शब्द कोणाचा, हा प्रश्न आमच्या खाडीतही आहेच ना. कॅनबेराच्या आयाट्सिस या मूलनिवासींबद्दलच्या अभ्यास-संस्थेची २०२० ची संशोधनासाठीची आचारसंहिता आहे, तिच्या ४ तत्त्वांमध्ये एक चक्क मूलनिवासींचं नेतृत्व हे आहे, म्हणजे नुसती परवानगीची सही घेऊन भागत नाही, काय शोधायचं आणि कसं हे ठरवायलाही तेच पुढे हवेत. आमच्या कॉलेजच्या फॉर्मवर फक्त सहीची रेघ होती.

म्हणून गणपतीत गेले तेव्हा उतरवून काढलेलं सगळं काकीला वाचून दाखवलं. पडवीत बसून तिने दोन तास ऐकलं. तिसऱ्यांबद्दल (त्याही शिंपल्याच) मी चुकीचं लिहिलेलं, ते खोडायला लावलं. मग मुळे सापडायच्या जागेवर आले तर म्हणाली, "ती जागा नको लिवू गो बाय, लोकां येतील नि समदां खरवडून न्हेतील."

ते पान मी फाइलीतून काढून तिच्या हातात दिलं. गाइड सरांना सांगितलंय की तेवढा भाग येणार नाही.