आमचं गाव नकाशात का नाही?

मी नकाशे करते हे कळलं की हा प्रश्न येतोच, आणि त्यामागे बहुतेक वेळा दुखावलेला सूर असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

गाव नकाशामागच्या डेटात असतं, नावासकट असतं. त्याच्या लेबलाला, म्हणजे नकाशावर लिहायच्या नावाला, जागा मिळालेली नसते. क्यूजीआयएससारखं नकाशे करायचं सॉफ्टवेअर गावाच्या प्रत्येक बिंदूभोवती नाव बसेल अशा जागा तपासतं आणि एका नावावर दुसरं चढू देत नाही. दाटी झाली की कुणीतरी गळतं. कुणी गळायचं हे ठरतं प्राधान्याच्या आकड्यावर, ० ते १०, आणि तो आकडा आम्ही देतो. पुष्कळदा लोकसंख्येचा रकाना आयता हाताशी असतो, तोच लावला जातो. मला हे पटत नाही. सावित्री नदीच्या मुखाशी किल्ला सांभाळून असलेलं बाणकोट लोकसंख्येच्या हिशेबात मागे पडेल, पण किल्ल्यांच्या किंवा खाड्यांच्या नकाशात ते हवंच.

बरं, नाव आलं तरी कुठे आलं? बिंदूच्या उजवीकडे, थोडं वर, ही नेहमीची पहिली पसंती. बाणकोट हे सावित्रीच्या खाडीच्या दक्षिण काठावर आहे. तिथे ही पसंती चालवली तर नाव पाणी ओलांडून थेट रायगड जिल्ह्यात जातं! स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी १९६२ मध्ये नावांच्या मांडणीवर लिहिलं, ते मी आजही पाळते: नदीकाठच्या गावाचं नाव त्याच्याच काठावर, बंदराचं नाव समुद्रात, आतल्या गावाचं पूर्णपणे जमिनीवर. म्हणून हर्णै, गुहागर, श्रीवर्धन अरबी समुद्रात लिहायची आणि चिपळूण, खेड जमिनीवर. खाडीला अडथळा ठरवलं की सॉफ्टवेअर ती टाळायला बघतं, पण दाटीत तेही सोडून देतं. मग ते लेबल हातानेच ओढून पिन करते, म्हणजे त्या जागी पक्कं करते. हे काम स्केल पक्कं झाल्यावरच करायचं, कारण स्केल बदललं की पिन केलेलं नाव बिंदूपासून लांब पडतं किंवा त्याच्यावर चढतं.

नद्यांची नावं हा आपल्या लिपीचा खास प्रश्न. रोमन लिपीतल्या नकाशात अक्षरं लांब लांब पसरून नदीभर नाव लिहितात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, वळणावर तर फारच वाईट दिसतं. मी अक्षरांतलं अंतर वाढवतच नाही. नदीचा जरा सरळ पट्टा शोधते, तिथे नाव लिहिते आणि लांब नदी असेल तर पुढे पुन्हा लिहिते.

छापायला देण्याआधी न बसलेली लेबलं दाखवणारं बटण दाबते. गळालेली नावं लाल रंगात समोर येतात. ती सगळी वाचते, आणि ज्यांच्यासाठी नकाशा आहे त्यांना लागणारी नावं परत आणते, अक्षर थोडं लहान करावं लागलं तरी. तुमचं गाव कुठल्या नकाशात, कुठल्या स्केलवर शोधलंत ते कळवा. कुठे अडलंय ते बघून सांगते.